एकाच टॉमकॅटवर तीन डोमेन: व्हर्च्युअल होस्ट कुठे चुकतो आणि कुठे अपुरा पडतो

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. जळगावच्या कार्यालयात उबंटू २२.०४ असलेला, ८ जीबी मेमरीचा एकच सर्व्हर आहे. त्यावर पॅकेजमधून बसवलेले टॉमकॅट ९, म्हणजे जावाची वेब ॲप्लिकेशन्स चालवणारा सर्व्हर, आणि त्याच्यापुढे बाहेरच्या विनंत्या घेऊन त्या टॉमकॅटकडे देणारा एनजिनएक्स आहे. तीन ॲप्लिकेशन्स तीन वेगवेगळ्या डोमेनवर चालवायची आहेत: रावेर-यावल पट्ट्यातील केळीचे रोजचे भाव दाखवणारे, धुळ्याच्या एका शाळेचे निकाल आणि फी सांभाळणारे, आणि चोपड्याच्या एका जिनिंगच्या कापूस खरेदीच्या पावत्या करणारे. टॉमकॅटच्या सर्व्हर.एक्सएमएल या कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये तीन व्हर्च्युअल होस्ट, म्हणजे प्रत्येक डोमेनसाठी एक स्वतंत्र विभाग, लिहिले, तरी जिनिंगचे नाव टाकल्यावर केळीचेच पान उघडते, आणि शाळेच्या नावावर ४०० क्रमांकाची चूक येते. शेवटी आपण जाता जाता लिहिले आहे की, हा बदल केल्यापासून शेतकऱ्यांना भावाचा एसएमएस दोनदा जातो. तीन सर्व्हर घ्यावे लागतील का, असेही विचारले आहे.

तीन सर्व्हर घेण्याची गरज नाही. आपण पाठवलेल्या दोन फाइली वाचल्यावर दिसते ते असे की, त्यांत वेगवेगळे दोष एकावर एक बसलेले आहेत, त्यामुळे एक दुरुस्त केला तरी लक्षण तेच राहते आणि दुरुस्ती चुकीची होती असे वाटू लागते. एसएमएस दोनदा जाणे ही वेगळी तक्रार नाही. ती याच घोळाचा भाग आहे. मात्र नावांचा हा घोळ सुटल्यावर एक दुसरा प्रश्न शिल्लक राहील, की एका ॲप्लिकेशनचा भार दुसऱ्यावर पडू नये यासाठी काय करावे. त्या प्रश्नाचे उत्तर व्हर्च्युअल होस्टमध्ये नाही, म्हणून त्यावर शेवटी सविस्तर लिहितो.

आधी विनंतीचा प्रवास पाहू. ब्राउझरमध्ये नाव टाकले की डीएनएस त्या नावाचा आयपी पत्ता सांगतो आणि तिथेच त्याचे काम संपते. तिन्ही नावांचा पत्ता एकच असल्यामुळे विनंती कोणासाठी आली आहे हे सर्व्हरला फक्त विनंतीच्या मथळ्यातील होस्ट या ओळीवरून कळते. एचटीटीपी १.१ हे १९९७ च्या जानेवारीत आले, तेव्हापासून ही ओळ बंधनकारक आहे, आणि ती नसेल तर सर्व्हरने ४०० देऊन विनंती परत पाठवावी असा नियम आहे. टॉमकॅटमध्ये पोर्टवर ऐकणारा कनेक्टर हा भाग विनंती वाचतो आणि होस्ट निवडणाऱ्या इंजिनकडे देतो. इंजिन त्या ओळीतील नाव आपल्याकडील प्रत्येक होस्टच्या नावाशी आणि त्याच्या एलियसशी, म्हणजे पर्यायी नावाशी, ताडून पाहते. नाव तंतोतंत जुळले तर तो होस्ट निवडला जातो. न जुळल्यास तारांकनाने सुरू होणारा, म्हणजे एखाद्या डोमेनच्या सगळ्या उपडोमेनसाठी लिहिलेला होस्ट असला तर तो, आणि तोही नसेल तर इंजिनच्या डीफॉल्टहोस्टमध्ये ज्याचे नाव आहे तो. ही शेवटची पायरी टॉमकॅट मुकाट्याने चढते. नाव जुळले नाही याची सूचना कुठेही मिळत नाही, आणि आपल्याकडे डीफॉल्टहोस्ट म्हणून केळीचा होस्ट लिहिलेला असल्यामुळे प्रत्येक हुकलेली विनंती तिथे जाऊन पडते.

पहिला दोष एनजिनएक्समध्ये आहे. आपल्या तिन्ही सर्व्हर ब्लॉकमध्ये, म्हणजे एकेका डोमेनच्या विभागात, विनंती टॉमकॅटकडे धाडणारे प्रॉक्सी पास लिहिले आहे, पण ब्राउझरने पाठवलेली होस्ट ओळ पुढे पाठवण्याची सूचना फक्त केळीच्या ब्लॉकमध्ये आहे. ही सूचना नसेल तर एनजिनएक्स मूळ ओळ पुढे देत नाही. प्रॉक्सी पासमध्ये जो पत्ता लिहिला असेल तोच होस्ट म्हणून पाठवतो. जिनिंगच्या ब्लॉकमध्ये १२७.०.०.१ आणि पोर्ट ८०८० असा थेट पत्ता आहे, म्हणून टॉमकॅटला तेच नाव मिळते, ते कोणत्याच होस्टशी जुळत नाही, आणि केळीचे पान येते. शाळेच्या ब्लॉकमध्ये आपण अपस्ट्रीम गट, म्हणजे पुढच्या सर्व्हरच्या पत्त्याला दिलेले नाव, केला आहे आणि त्या गटाच्या नावात अंडरस्कोअर आहे. तिथे होस्ट म्हणून त्या गटाचे नावच पुढे जाते, आणि डोमेनच्या नावात अंडरस्कोअर चालत नाही म्हणून टॉमकॅट विनंती उघडण्याआधीच ४०० देऊन मोकळे होते. टॉमकॅटच्या मुख्य, म्हणजे कॅटालिना, लॉगमध्ये नीट पाहिल्यास डोमेनच्या नावात हे चिन्ह कधीच वैध नसते अशा अर्थाची ओळ सापडेल. गटाच्या नावातील अंडरस्कोअर काढल्यास ४०० जाईल, पण त्याच्या जागी केळीचे पान येईल. म्हणून नाव बदलण्यात वेळ घालवू नये. तिन्ही ब्लॉकमध्ये प्रॉक्सी सेट हेडर या सूचनेने होस्टला डॉलर-होस्ट हे चल द्यावे. पुढेमागे एनजिनएक्सच्या जागी अपाची वापरण्याचा प्रसंग आला तर तिथे याच कामासाठी प्रॉक्सीप्रिझर्व्हहोस्ट चालू करावे लागते. तेही मुळात बंद असते.

दुसरा दोष सर्व्हर.एक्सएमएलमध्ये आहे आणि तो डोळ्यांना सहज दिसत नाही. जिनिंगच्या होस्टमध्ये आपण ॲपबेस, म्हणजे ॲप्लिकेशन्सचे फोल्डर सांगणारा, हा गुणधर्म सगळा लहान अक्षरांत लिहिला आहे. त्यातील बी मोठा हवा. एक्सएमएलमध्ये लहानमोठ्या अक्षरांत भेद असतो, आणि ओळखीचा नसलेला गुणधर्म दिसला की टॉमकॅट चालू व्हायचे थांबत नाही. त्या नावाचा गुणधर्म सापडला नाही अशी एक इशाऱ्याची ओळ लॉगमध्ये टाकून पुढे जाते. ॲपबेस मिळाला नाही म्हणून त्या होस्टने मुळातली जागा, म्हणजे वेबॲप्स हे फोल्डर धरले, आणि केळीचा होस्टही तेच फोल्डर वापरतो. परिणामी केळीचे ॲप्लिकेशन एकाच टॉमकॅटमध्ये दोन होस्टखाली दोनदा उभे राहिले आहे. त्यातील ठरावीक वेळी भाव पाठवणारे काम दोन्ही प्रतींमध्ये चालते, आणि रावेरच्या शेतकऱ्याला एकाच भावाचे दोन एसएमएस मिळतात. एसएमएसच्या कोडमध्ये हात घालण्याचे कारण नाही. यातून नियम असा निघतो की दोन होस्टना एकच ॲपबेस कधीही देऊ नये, आणि एका होस्टचा ॲपबेस दुसऱ्याच्या आतही ठेवू नये.

फोल्डरांची मांडणी मी अशी करेन. /एसआरव्ही/टॉमकॅट या फोल्डरखाली केळी, शाळा आणि जिनिंग अशी तीन फोल्डर इंग्रजी लिपीतील साध्या नावांनी करावीत आणि प्रत्येक होस्टच्या ॲपबेसमध्ये त्यांचा पूर्ण पत्ता द्यावा. सापेक्ष पत्ता दिल्यास तो कॅटालिना बेसपासून, म्हणजे आपल्या उबंटूवर /व्हार/लिब/टॉमकॅट९ पासून मोजला जातो, हे लक्षात असू द्यावे. प्रत्येक फोल्डरमध्ये वॉर फाइलचे, म्हणजे ॲप्लिकेशनच्या बांधलेल्या गठ्ठ्याचे, नाव रूट ठेवावे, आणि रूटची चारही अक्षरे मोठी लिहावीत. टॉमकॅट फाइलच्या नावावरूनच ॲप्लिकेशनचा पाथ ठरवते. फाइलचे नाव रूट असले की पाथ रिकामा होतो आणि डोमेन उघडताच ॲप्लिकेशन समोर येते. काही जण हे न करता तिन्ही वॉर एकाच वेबॲप्समध्ये टाकतात आणि एनजिनएक्समधून प्रत्येक डोमेन त्या त्या पाथवर वळवतात. वरवर ते चालते. पण ॲप्लिकेशन सेशनची कुकी, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवणारी खूण, स्वतःच्या पाथपुरती देते, ब्राउझरला तो पाथ कधी दिसतच नाही, म्हणून कुकी परत येत नाही आणि लॉगिन केलेला माणूस पुन्हा लॉगिनच्या पानावर जाऊन पडतो. मग कुकीचा पाथ बदलणे, रिडायरेक्ट दुरुस्त करणे अशी ठिगळे लावावी लागतात. होस्ट वेगळे केले असता यातले काहीच करावे लागत नाही.

वरील फोल्डर केल्यावर एक अडथळा हमखास येईल, कारण आपण टॉमकॅट पॅकेजमधून बसवले आहे. फोल्डरचा मालक टॉमकॅट असेल, परवानग्या बरोबर असतील, आणि तरीही वॉर उलगडणार नाही. लॉगमध्ये फाइल सिस्टीम फक्त वाचण्यापुरती आहे असे दिसेल. डिस्कमध्ये काही बिघडलेले नसते. उबंटूच्या टॉमकॅट ९ ची सिस्टिमडी (उबंटूमध्ये सेवा चालवणारी व्यवस्था) सेवा सुरक्षेसाठी कडक बंधनात चालते: संपूर्ण फाइल सिस्टीम तिला वाचण्यापुरती दिलेली असते आणि लिहिण्याची मुभा वेबॲप्स, लॉग आणि कॅटालिनाच्या कॉन्फिगरेशनचे फोल्डर अशा मोजक्या जागांनाच असते. सिस्टिमसीटीएल एडिट टॉमकॅट९ ही आज्ञा देऊन सर्व्हिस विभागात रीडराइटपाथ्स या ओळीत आपले नवे फोल्डर लिहावे आणि सेवा पुन्हा सुरू करावी. याऐवजी अनेक जण चमोड ७७७ करतात, त्याने हा प्रश्न सुटत तर नाहीच, वर फोल्डर सगळ्यांना उघडे पडते.

कॉन्टेक्स्टची, म्हणजे एकेका ॲप्लिकेशनची, माहिती, उदाहरणार्थ डेटाबेसची जोडणी, सर्व्हर.एक्सएमएलमध्ये लिहू नये. ती फाइल टॉमकॅट फक्त सुरू होताना वाचते, म्हणजे शाळेचा पासवर्ड बदलायचा तर केळीचे भावही बंद करावे लागतील. त्याऐवजी कॉन्फ फोल्डरात कॅटालिना, त्यात होस्टच्या नावाचे फोल्डर आणि त्यात रूट.एक्सएमएल अशी फाइल ठेवावी. तिच्यात डॉकबेस, म्हणजे वॉरची जागा, लिहिल्यास वॉर ॲपबेसच्या बाहेर हवी, नाहीतर पुन्हा तेच दुहेरी उभे राहणे आले. ऑटोडिप्लॉय, म्हणजे नवी वॉर आपोआप उचलणे, चालू असताना मोठी वॉर फाइल हळूहळू नकलत असेल तर ती अर्धवट असतानाच टॉमकॅट उचलण्याची शक्यता असते, म्हणून आधी त्याच डिस्कवर दुसरीकडे नकलावी आणि मग एमव्ही या हलवण्याच्या आज्ञेने जागेवर आणावी. चालत्या सर्व्हरवर ऑटोडिप्लॉय बंद ठेवणेच मला पसंत आहे.

आता डीफॉल्टहोस्ट. केळीचा होस्ट तिथून काढावा. लोकलहोस्ट नावाचा एक होस्ट ठेवून त्याला रिकामे फोल्डर द्यावे आणि तोच डीफॉल्ट करावा. मग न जुळलेल्या नावाला ४०४ मिळेल आणि चूक झाकली जाणार नाही. यामागे सुरक्षेचेही कारण आहे. शाळेच्या ॲप्लिकेशनमध्ये पासवर्ड विसरल्यास ईमेलवर दुवा पाठवण्याची सोय आहे, आणि असा दुवा बहुधा आलेल्या विनंतीतील सर्व्हरच्या नावावरून बनवला जातो. कोणी होस्ट ओळीत स्वतःचे डोमेन घालून दुसऱ्याच्या खात्यासाठी दुवा मागितला, आणि सर्व्हरने ते नाव निमूटपणे स्वीकारले, तर पालकाला येणाऱ्या ईमेलमध्ये त्या भामट्याच्या डोमेनचा दुवा जातो. पालकाने त्यावर टिचकी मारली की दुव्यातील गुप्त चिन्ह भामट्याच्या हाती लागते. अनोळखी नावाला कोणतेच ॲप्लिकेशन मिळू नये, ही व्यवस्था एनजिनएक्समध्येही करावी: एक डीफॉल्ट सर्व्हर ब्लॉक ठेवून त्यात रिटर्न ४४४ लिहिले की तो उत्तर न देता जोडणी बंद करतो. त्याबरोबर टॉमकॅटच्या कनेक्टरला ॲड्रेस म्हणून १२७.०.०.१ द्यावे, म्हणजे एनजिनएक्सला वळसा घालून ८०८० वर थेट कोणी येणार नाही. एजेपी या दुसऱ्या प्रोटोकॉलचा कनेक्टर लागत नसेल तर बंदच असू द्यावा. २०२० च्या फेब्रुवारीत उघड झालेली घोस्टकॅट ही त्रुटी त्याच वाटेची होती, आणि ९.०.३१ पासून तो मुळातच बंद येतो.

डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेले आणि नसलेले नाव ही टॉमकॅटच्या दृष्टीने दोन वेगळी नावे आहेत. दोन्ही चालवायची तर होस्टच्या आत एलियस लिहिता येतो, पण ब्राउझर सेशनची कुकी ज्या नावावर मिळाली त्याच नावाला परत देतो, म्हणून एका नावावर लॉगिन केलेला माणूस दुसऱ्या नावावर पाहुणा ठरतो. एकच नाव पक्के करून दुसरे एनजिनएक्समधून ३०१ ने त्याच्याकडे पाठवावे.

आपण पुढे केळीसाठी देवनागरी डोमेन घेण्याचा विचार करत आहात, म्हणून हेही सांगून ठेवतो. .भारत हे २०१४ पासून मिळते आणि शेतकऱ्याला ते वाचायला सोपे आहे. पण ब्राउझर पत्त्याच्या पट्टीत देवनागरी दाखवत असला तरी सर्व्हरकडे होस्ट ओळीत ते नाव प्युनीकोडच्या रूपात, एक्सएन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या इंग्रजी अक्षरांच्या लांबलचक साखळीत पाठवतो. एनजिनएक्सच्या सर्व्हर नेममध्ये, टॉमकॅटच्या होस्टमध्ये आणि प्रमाणपत्राच्या अर्जात तीच साखळी लिहावी लागते. होस्टमध्ये देवनागरी अक्षरे लिहिली तर टॉमकॅट सुरू होईल, पण ते नाव कधीही जुळणार नाही. ऱ्हस्वदीर्घाचा फरकही वेगळे डोमेन ठरतो. म्हणून केळी आणि केळि यांतले कोणते घेतले आहे ते साखळी बनवण्याआधी नीट तपासावे.

एचटीटीपीएसचे प्रमाणपत्र एनजिनएक्समध्येच ठेवावे. टॉमकॅट ८.५ पासून कनेक्टरच्या आत एसएसएलहोस्टकॉन्फिग लिहून प्रत्येक नावाला वेगळे प्रमाणपत्र देता येते, पण पुढे एनजिनएक्स असताना ते दोन ठिकाणी सांभाळण्यात अर्थ नाही. एवढे मात्र ध्यानात घ्यावे की प्रमाणपत्राची निवड आणि होस्टची निवड या वेगळ्या गोष्टी आहेत: पहिली जोडणी जुळतानाच ब्राउझरने सांगितलेल्या नावावरून होते, दुसरी नंतर होस्ट ओळीवरून. कुलूप बरोबर दिसते म्हणजे ॲप्लिकेशनही बरोबर उघडेल, असे नाही. एनजिनएक्स आणि टॉमकॅट यांच्यातली वाट साध्या एचटीटीपीची असल्यामुळे टॉमकॅटला बाहेर एचटीटीपीएस आहे हे कळत नाही. ते एचटीटीपीचा रिडायरेक्ट देते, एनजिनएक्स त्याला पुन्हा एचटीटीपीएसकडे पाठवतो, आणि सक्तीचे एचटीटीपीएस ॲप्लिकेशनमध्येही लिहिलेले असेल तर हा खेळ संपत नाही. यासाठी इंजिनच्या आत रिमोटआयपीव्हॉल्व हा घटक लावून प्रोटोकॉलहेडरमध्ये एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो द्यावे आणि एनजिनएक्समधून ते मथळे पाठवावेत. खऱ्या ग्राहकाचा पत्ता ॲक्सेस लॉगमध्ये हवा असेल तर ॲक्सेसलॉगव्हॉल्वमध्ये रिक्वेस्टॲट्रिब्यूट्सएनेबल्ड चालू करावे लागते; ते विसरल्यास लॉगमध्ये सगळे १२७.०.०.१ च दिसत राहतात.

ॲक्सेस लॉगबद्दल थोडे अधिक, कारण असल्या भानगडीत खरा साक्षीदार तोच असतो. प्रत्येक होस्टमध्ये स्वतंत्र ॲक्सेसलॉगव्हॉल्व ठेवून त्याचा प्रीफिक्स वेगळा द्यावा, आणि पॅटर्नमध्ये आलेली होस्ट ओळ छापण्याची सोय करावी: टक्क्याचे चिन्ह, महिरपी कंसात होस्ट, आणि त्याला लागून लहान आय. मग जिनिंगचे पान मागून, लोकलहोस्ट धरून, चार फाइलींपैकी कोणत्या फाइलमध्ये ओळ उमटली ते पाहावे. जिनिंगच्या फाइलमध्ये उमटली आणि तरी पान केळीचे आले, तर दोष ॲपबेसचा. लोकलहोस्टच्या फाइलमध्ये उमटली आणि छापलेले नाव बरोबर आहे, तर होस्टचे नाव लिहिताना चूक झाली आहे. नावाच्या जागी १२७.०.०.१ छापले गेले तर एनजिनएक्स होस्ट पुढे देत नाही. कुठेच उमटली नाही तर विनंती बहुधा टॉमकॅटपर्यंत आलीच नाही. याशिवाय लॉगिंग.प्रॉपर्टीज या फाइलमध्ये फक्त लोकलहोस्टसाठी वेगळी लॉग फाइल दिलेली असते. बाकीच्या होस्टच्या चुका सर्वसाधारण कॅटालिना लॉगमध्ये मिसळतात. तिथेही प्रत्येक होस्टसाठी हँडलर जोडावा.

ही परीक्षा सर्व्हरवरच बसून कर्ल या विनंती पाठवण्याच्या आज्ञेने करावी, आणि दोन पायऱ्यांत करावी: आधी थेट ८०८० वर होस्ट ओळ हाताने देऊन, म्हणजे एनजिनएक्स बाजूला राहतो, आणि मग रिझॉल्व्ह हा पर्याय वापरून एनजिनएक्समार्गे. कार्यालयातल्या दुसऱ्या संगणकावरून ब्राउझरने पाहू नये. अनेक राउटर आतल्या माणसाला स्वतःच्याच बाहेरच्या पत्त्यावर जाऊ देत नाहीत, मग नंदुरबारहून उघडणारे पान जळगावच्या कार्यालयात उघडत नाही आणि दोष मात्र टॉमकॅटवर येतो.

इथपर्यंत नावांचे काम झाले. आता दुसरा प्रश्न, की तिन्ही ॲप्लिकेशन्स एकाच टॉमकॅटमध्ये ठेवावीत का. माझे उत्तर नाही असे आहे, निदान आपल्या बाबतीत तरी.

होस्ट वेगळे केले म्हणजे ॲप्लिकेशन्स वेगळी झाली अशी समजूत सर्रास आढळते. एका विहिरीवर तीन मोटारी बसवल्या तर तीन मळ्यांना पाणी जाते, पण विहीर एकच असते. तीन होस्ट एकाच जेव्हीएममध्ये, म्हणजे जावा चालवणाऱ्या एकाच प्रक्रियेत, राहतात आणि त्यांची मेमरी एक असते. मर्यादा दिली नसेल तर जावा साधारणपणे यंत्राच्या मेमरीच्या चौथ्या हिश्शापर्यंत हीप, म्हणजे ॲप्लिकेशन्सच्या डेटाची मेमरी, घेते, म्हणजे आपल्याकडे तिघांत मिळून सुमारे २ जीबी. शाळेच्या निकालाचे पीडीएफ बनवताना ही मेमरी संपली की आउट ऑफ मेमरीची चूक कोणत्याही ॲप्लिकेशनमध्ये फुटू शकते, आणि जिनिंगची पावती अर्धवट राहते. कनेक्टरचे धागेही, म्हणजे एकावेळी एकेक विनंती हाताळणारे कामकरीही, सामाईक असतात. मॅक्सथ्रेड्स मुळात २०० असते, आणि ते कोणत्या होस्टसाठी किती याची वाटणी टॉमकॅट करत नाही. आपल्याकडे केळीचे भाव लागल्यावर सगळे शेतकरी आणि व्यापारी एकाच वेळी पान उघडतात. त्या वेळी डेटाबेस सावकाश असेल तर डेटाबेसच्या जोडणीची वाट पाहत दोनशे धागे अडकून राहतील, आणि शाळेच्या कार्यालयात बसलेल्या लिपिकाला फीचे पान उघडणार नाही. टॉमकॅटचा जोडण्यांचा साठा मॅक्सटोटल न दिल्यास ८ जोडण्यांचाच असतो, म्हणून हे वाटते त्यापेक्षा फार लवकर घडते. आणि कोणत्याही कारणाने टॉमकॅट पुन्हा सुरू केले की तिघांचीही दारे बंद होतात.

पर्याय सोपा आहे आणि त्याला नवे यंत्र लागत नाही. टॉमकॅटचा प्रोग्राम, म्हणजे कॅटालिना होम, एकच ठेवून प्रत्येकासाठी वेगळा कॅटालिना बेस करता येतो. त्यात कॉन्फ, लॉग्ज, टेम्प, वर्क आणि वेबॲप्स एवढी फोल्डर पुरतात. उबंटूवर टॉमकॅट९-यूझर हे पॅकेज घेतल्यास त्यात टॉमकॅट९-इन्स्टन्स-क्रिएट ही आज्ञा मिळते, तिला एचटीटीपीचे पोर्ट आणि बंद करण्याचे पोर्ट सांगितले की ती असा बेस तयार करून देते. प्रत्येक बेसची स्वतःची सिस्टिमडी सेवा लिहावी, तिचा वापरकर्ता वेगळा ठेवावा, आणि सेटएन्व्ह.एसएच या फाइलमध्ये मेमरीची मर्यादा द्यावी. प्रोग्राम सामाईक असल्यामुळे सुरक्षेचे अद्यतन एकदाच होते. मात्र त्यानंतर प्रत्येक सेवा पुन्हा सुरू करावी लागते. तेव्हा एनजिनएक्समधील प्रत्येक ब्लॉक वेगळ्या पोर्टकडे वळवला की झाले. अशा मांडणीत टॉमकॅटमध्ये व्हर्च्युअल होस्ट जवळजवळ उरतच नाहीत, नावे ओळखण्याचे काम एनजिनएक्स करतो. होस्ट ओळ पुढे देण्याची सूचना मात्र तेव्हाही हवी, कारण रिडायरेक्ट आणि ईमेलमधले दुवे तिच्यावरूनच बनतात.

व्हर्च्युअल होस्ट निरुपयोगी आहेत असे यातून समजू नये. एकाच ॲप्लिकेशनच्या अनेक लहान प्रती, उदाहरणार्थ एकाच प्रणालीवर वीस ग्रामपंचायतींची वीस नावे, चालवायच्या असतील तर प्रत्येकीला वेगळी जेव्हीएम देणे उधळपट्टी ठरेल. जेव्हीएमचा रिकामा बोजाच बराच असतो. कमी वापराची, एकाच संघाने लिहिलेली, एकदमच बंद आणि सुरू केली तरी चालणारी ॲप्लिकेशन्स एका टॉमकॅटमध्ये सुखाने नांदतात.

आपल्या यंत्रावर मी केळीला स्वतंत्र बेस देईन आणि त्याची हीप १.५ जीबी ठेवेन. शाळा आणि जिनिंग यांना दुसऱ्या बेसमध्ये दोन होस्ट म्हणून, मिळून १.५ जीबीत ठेवेन. हीप म्हणजे जेव्हीएमची सगळी मेमरी नव्हे. मेटास्पेस (जावाच्या वर्गांच्या माहितीची जागा) आणि प्रत्येक धाग्यामागे साधारण १ एमबीचा स्टॅक वेगळा लागतो, म्हणून दोन्हींचा प्रत्यक्ष वापर यापेक्षा बराच जास्त दिसेल, आणि उरलेली मेमरी डेटाबेस व फाइलींच्या कॅशसाठी मोकळी असायला हवी. दोन्ही बेसमधील जोडण्यांच्या साठ्यांची बेरीज डेटाबेसच्या मर्यादेत बसते का तेही पाहावे. मायएसक्यूएलमध्ये ती मुळात १५१ आणि पोस्टग्रेसक्यूएलमध्ये १०० असते.

कामाचा क्रम असा ठेवावा. आधी आहे त्याच टॉमकॅटमध्ये ॲपबेसची चूक दुरुस्त करावी, म्हणजे दुहेरी एसएमएस त्याच दिवशी थांबतील. मग एनजिनएक्समध्ये होस्टची सूचना घालावी, एनजिनएक्सची तपासणीची आज्ञा चालवूनच तो रीलोड करावा आणि वर सांगितल्याप्रमाणे लॉग पाहावेत. नावे बरोबर चालू लागल्यानंतरच केळीचा नवा बेस ८०८१ वर उभा करावा, कर्लने तपासावा, जुन्या टॉमकॅटमधली केळीची प्रत बंद करावी आणि मग एनजिनएक्सचा एक ब्लॉक तिकडे वळवावा. दोन्ही प्रती एकाच वेळी चालू राहिल्या तर एसएमएस पुन्हा दोनदा जातील, म्हणून हे स्थलांतर भाव पाठवण्याची वेळ उलटून गेल्यावर, रात्री करावे. चालू सेशन्स नव्या बेसमध्ये येत नाहीत, त्यामुळे भाव नोंदवणाऱ्या मंडळींना सकाळी एकदा पुन्हा लॉगिन करावे लागेल. तेवढे त्यांना आदल्या दिवशी कळवून ठेवावे. जिनिंगच्या ॲप्लिकेशनला हात लावायचा असेल तर तो कापसाची आवक सुरू होण्याआधी, किंवा थेट हंगाम संपल्यावर.